संगणकाशी गट्टी : खोडायला गेलं आणि टोपी उगवली!

मित्रांनो, आज आधी प्रयोग, मग गोष्ट. लिनक्सचा संगणक हाताशी असेल तर टर्मिनलची खिडकी उघडा. इंग्रजीत सी-ए-टी टाईप करून एंटर दाबा. आता आपलं नाव लिहा आणि बॅकस्पेस दाबा. शेवटचं अक्षर पुसलं गेलं ना? आता कंट्रोल दाबून धरा आणि एच दाबा. अरेच्चा! पुसणं राहिलं बाजूला, उलट एक टोपीसारखं चिन्ह आणि त्यापुढे एच उमटलं!

गंमत अशी, की बटणाला खोडता येतच नाही. ते फक्त एक अंक पाठवतं. त्या अंकाचा अर्थ लावायचा पलीकडच्या संगणकानं. 'खोडा' म्हणण्यासाठी मात्र दोन अंक रूढ झाले, ८ आणि १२७. कंट्रोल-एचनं ८ पाठवला, तुमचा संगणक १२७ ची वाट बघत होता.

पण १२७च का? पूर्वी मजकूर कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवत. एका अक्षराला सात जागा. कुठे भोक, कुठे कोरं. चूक झाली तर? पाडलेलं भोक बुजवता येत नाही! मग पट्टी मागे घेऊन तिथे सातही भोकं पाडायची. आपण वहीत चुकलेला शब्द गिरगटतो ना, अगदी तस्संच. बेरीज करून बघा : ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आली ना १२७? आणि ८ चा मूळ अर्थ होता नुसतं 'एक घर मागे सरक'.

पुढे पडद्याची यंत्रं आली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९८३ च्या व्हीटी२२० चं खोडायचं बटण १२७ पाठवायचं, इतर काही यंत्रांचं ८. झाली पंचाईत! पासवर्ड लिहिताना तर पडद्यावर काहीच दिसत नाही. तुम्हाला वाटतं चूक खोडली, प्रत्यक्षात एक जादा अक्षर घुसलेलं असतं. मग बसा डोकं खाजवत!

डेबियन नावाच्या लिनक्सनं यावर नियमच केला : बॅकस्पेसनं सगळीकडे १२७च पाठवायचा. कारणही छान आहे. ईमॅक्स या संपादकात कंट्रोल-एच म्हणजे 'मदत'. बॅकस्पेसनंही ८ पाठवला, तर खोडायला जावं आणि मदतीचं पान उघडावं!

एखाद्या जुन्या संगणकाशी जोडल्यावर टोपी दिसलीच, तर घाबरू नका. एस-टी-टी-वाय लिहा, जागा सोडा, ई-आर-ए-एस-ई लिहा, पुन्हा जागा सोडा. मग कंट्रोल-व्ही, त्यानंतर बॅकस्पेस आणि शेवटी एंटर. 'हा अंक आला की खोड' असं तुम्ही त्याला सांगितलंत. खिडकी बंद केली की तो विसरतो, बरं का!

अरे हो, तो प्रयोग अजून चालूच असेल. वरचा बाण दाबा. टोपी, दोन चौकटी कंस आणि ए! एका बटणाचे तीन अंक : २७, ९१, ६५. आता कंट्रोल-सी दाबून बाहेर या.