मुलांची उंची: दोष रक्ताचा नाही

“आमच्यात सगळेच बुटके, पोरगा कुठून उंच होणार?” मीरा-भाईंदरच्या वस्त्यांत काम करताना हे आम्ही नेहमी ऐकतो. ही समजूत आपल्या मुलांचे नुकसान करते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बालवाढीची मानके जाहीर केली. त्यासाठी सहा देशांतली मुले मोजली गेली, त्यात दिल्लीचीही होती. पोषण, स्वच्छता आणि उपचार मिळाले तर पहिल्या पाच वर्षांत सर्वत्र मुले जवळपास सारखीच वाढतात, असे दिसले. दोन वर्षांच्या मुलाची उंची सरासरी ८७ सेंटीमीटर, मुलीची ८६ असते. मुलगा ८१ आणि मुलगी ७९ च्या खाली असेल, तर वाढ खुंटली असे मानतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले अशी खुरटलेली आहेत. देशभरात अनुसूचित जातींत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के, तर खुल्या प्रवर्गात ३० टक्के आहे. हे अंतर रक्ताचे नाही. पाणी, शौचालय, आईचा आहार आणि जातिव्यवस्थेचे आहे.

मग करायचे काय? वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. झोपडपट्ट्यांनाही तो लागू आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारातच मुलांची यादी करूया आणि लेखी अर्ज देऊया. अंगणवाडी असेल, तर वजनासोबत उंचीची नोंदही मागूया.

जय भीम!