मरणशय्येवरचं खरेदीखत

मुलगा साउदम्प्टनला असतो. त्याच्याकडे गेले होते तेव्हा बोटीने वाइट बेटावर जाऊन कॅरिसब्रुकचा किल्ला पाहिला. बाकीचे तटावर फोटो काढत होते. दुय्यम निबंधक कार्यालयात उभी हयात घालवलेल्या मला एकच प्रश्न: हे सगळं कुणाच्या नावावर होतं?

एका बाईच्या. इझाबेला द फोर्तिबसच्या.

तेराव्या शतकातल्या इंग्लंडात भाऊ असेपर्यंत बहिणीला जहागीर मिळत नसे. 1262 मध्ये तिचा भाऊ बाल्डविन मागे वारस न ठेवता गेला आणि पंचविशीतली इझाबेला स्वतःच्या हक्काने डेव्हनची काउंटेस आणि या बेटाची मालकीण झाली. नवरा दोन वर्षं आधीच वारला होता. दुःखाचीच गोष्ट, पण जमीन तिच्या हाती राहिली ती त्यामुळेच. कारण लग्न झालेल्या बाईच्या जमिनीचा कारभार नवऱ्याकडे जाई. मूल जिवंत जन्मलं असेल तर ती गेल्यावरही तहहयात त्याच्याकडेच राही. नाव तिचं, वहिवाट त्याची.

म्हणूनच अशा विधवेशी लग्न करायला उड्या पडत. विधवेवर लग्नाची सक्ती करू नये, असं 1215 च्या मॅग्ना कार्टात लिहिलेलं होतं. पण लिहिलेलं आणि पाळलेलं यात किती अंतर असतं, ते आम्हा कारकुनांना सांगायला नको. धाकटा सायमन द माँटफर्ट मागे लागला तेव्हा इझाबेला आधी ब्रीमोरच्या मठात लपली, मग वेल्सला निघून गेली. तिने पुन्हा लग्न केलंच नाही. एकतीस वर्षं कारभार केला, किल्ल्यातली दालनं नव्याने बांधून घेतली. एक्स नदीवरच्या तिच्या बंधाऱ्याची खूण काउंटेस वेअर या नावात अजून आहे.

सहाही मुलं तिच्या आधी गेली. बेटावर राजा पहिल्या एडवर्डचा डोळा होताच. नोव्हेंबर 1293 मध्ये लंडनजवळ स्टॉकवेलला तिने अंथरूण धरलं आणि राजाची माणसं उशाशी येऊन बसली. दस्त लिहिला, वाचून दाखवला, तिचा शिक्का उठला. मोबदला 6,000 मार्क, म्हणजे 4,000 पौंड. काही तासांत ती गेली.

गृहभेटीच्या दस्तांना मी साहेबांबरोबर गेलेली आहे. आजाऱ्याचा हात धरून अंगठा उठवायची नातेवाइकांची घाई मी पाहिली आहे. आमचे एक साहेब सगळ्यांना अंगणात घालवत आणि मगच विचारत, ‘आजी, कशाचा कागद आहे, सांगा बघू.’ स्टॉकवेलच्या त्या खोलीतून राजाच्या माणसांना बाहेर घालवणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडे मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच केली. देशभर ती 2005 मध्ये आली. त्यानंतर आमच्या टेबलावर हक्कसोडपत्रांची चळत वाढलेली मी पाहिली. चार बहिणी, एक भाऊ, मोबदल्याच्या जागी ‘विनामोबदला’. सही करताना एखादी हळूच म्हणे, ‘माहेरची वाट बंद नको व्हायला.’ खुशीने सोडणाऱ्याही होत्या. पण खुशीची कोणती आणि भिडेची कोणती, ते कागदावरून कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. हक्कसोडपत्र नोंदवताना प्रत्येक बहिणीला एकटीला आत बोलवा. दस्त वाचून दाखवा, हिश्शाची आजची किंमत रुपयांत सांगा आणि भाऊ बाहेर बसलेला असताना विचारा. पाच मिनिटंही लागणार नाहीत.

इझाबेलाने बेट विकलं, पण निदान त्याची किंमत कागदावर लिहिली गेली. आमच्या बहिणींच्या कागदावर तेवढीही नसते.