चीनला इंग्रजी लागत नाही? कुणी सांगितलं?

भाषेचा वाद निघाला की कुणीतरी हमखास टाकतंच, "चीन बघा, इंग्रजीवाचून अडलं का त्यांचं?" अहो, तिथल्या कॉलेजातल्या पोराला विचारा! 'सीईटी-४' ही इंग्रजीची देशव्यापी परीक्षा तिथे १९८७ पासून आहे. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरात. ७१० पैकी ४२५ पडले की पोरगं सुटलं.

आणि सराव काय सोपा असतो? चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही, त्यामुळे 'गो'चं 'वेंट' घोकावंच लागतं. 'ही' काय, 'शी' काय, त्यांच्या बोलण्यात दोन्हीला एकच उच्चार, 'ता'. आपली पोरं निदान 'गेला-गेली' करत वाढतात. शब्दांच्या पुस्तकात पहिला शब्द बऱ्याचदा 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणं. पुस्तक उघडलं आणि तिथेच सोडलं, असा जोक तीच पोरं करतात.

मग जुने पेपर सोडवत बसायचं. ऐकण्याला ३५ टक्के, वाचनाला ३५, निबंधाला १५, भाषांतराला १५. बोलण्याला? शून्य. तोंडी परीक्षा वेगळी, तीही ऐच्छिक. मार्कच नाहीत तर बोलायचा सराव कोण करतो? 'मुकी इंग्रजी' हे नाव चिन्यांनीच ठेवलंय याला.

तेव्हा दाखला द्यायचा तर पुरता द्या. गणित-विज्ञान ते आपल्या भाषेत शिकवतात, हे जरूर घ्या. पण इंग्रजीही तिथे साधारण तिसरीपासून आहेच. इंग्रजी नकोच म्हणणाऱ्यांनी चीनच्या आड लपू नये. आणि गाइड पाठ करून घेणाऱ्या आपल्या क्लासवाल्यांनी तर नाहीच नाही.