'इत्यादी'मधला चढाईपटू

प्रो कबड्डीचा हंगाम जवळ आला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एकच प्रश्न चर्चेला येतो : पुण्याकडे चढाईला दुसरा कोण? आणि दुसरा बाद झाला तर तिसरा कोण? यू मुंबाच्या चाहत्याला स्वतःच्या संघाविषयी असते त्याहून काकणभर अधिक कुतूहल पुणेरी पलटणच्या राखीव फळीविषयी असते. मंडळाच्या कट्ट्यावर, महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये, संध्याकाळच्या लोकलमध्ये हा वाद रंगतो. वाद स्वाभाविक आहे, आणि आमच्या मते तो मोलाचाही आहे. आमची तक्रार आहे ती हा वाद आज ज्या रीतीने घातला जातो त्या रीतीविषयी.

ती रीत अशी : एकजण संघातील चढाईपटूंची नावे मोजतो, दुसरा गेल्या हंगामातील त्यांचे गुण सांगतो, तिसरा लिलावातील किंमत पुढे करतो. मग बेरीज होते आणि निकाल जाहीर होतो. एक तर 'पुण्याची फळी जबरदस्त खोल आहे', किंवा 'पुणे म्हणजे अस्लम इनामदार, बाकी सगळे इत्यादी'. हे दोन्ही निकाल परस्परविरुद्ध भासतात. पण दोहोंमागची दृष्टी एकच आहे. दुसरा चढाईपटू खेळतो कसा, कोणत्या घटकेला खेळतो, आणि त्याच्या असण्याने पहिल्याचा खेळ कसा बदलतो, हे दोघांपैकी कोणीच पाहिलेले नसते. फळीची खोली मोजून कळत नाही, ती वाचावी लागते, हा आमचा मुद्दा आहे. आणि प्रतिपक्षाची फळी ज्याला वाचता येत नाही त्याला स्वतःचीही वाचता येत नाही, हा त्या मुद्द्याचा उत्तरार्ध.

साहित्याच्या अध्यापकांनी या भानगडीत का पडावे, असे आमचेच काही सहव्यवसायी विचारतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की आमच्या वर्गात कादंबरीतील दुय्यम पात्राविषयी दोन वाक्ये बोलायला कचरणारा विद्यार्थी प्रतिस्पर्धी संघाच्या तिसऱ्या चढाईपटूविषयी अर्धा तास हिरिरीने भांडतो. मूल्यमापनाची ऊर्मी त्याच्यापाशी आहे. ती ऊर्मी आकड्यांच्या तक्त्यात जिरून जात असेल, तर त्याची चिंता मूल्यमापन हाच ज्यांचा व्यवसाय त्यांनी करायची नाही तर कोणी?

प्रथम खेळाचा नियमच पाहू. कबड्डीत चढाईपटू पकडला गेला की तो बाहेर बसतो, आणि त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद केला की बाहेर बसलेल्यांपैकी जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. पूर्वी महाराष्ट्रात कबड्डीचे अमर, गामिनी आणि संजीवनी असे प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. संजीवनीत त्याला पुन्हा उठवता येई. आजची कबड्डी संजीवनीची वारस आहे. या नियमाचा अर्थ आमच्या आकडेमोड्या मित्रांनी कधी नीट लक्षात घेतलेला दिसत नाही. संघाचा नामांकित चढाईपटू बाद होऊन बाकावर बसला की त्याला आत आणण्याचे काम उरलेल्यांवर येते. त्यातला काही भाग पकड करणारे उचलतात. परंतु समोरचा चढाईपटू सावध असेल, नुसती निदान रेषा ओलांडून परतत असेल, तर पकड करणार कोणाची? तेव्हा दुसऱ्या चढाईपटूलाच जाऊन गडी मारावा लागतो. त्याने मिळवलेला तो एक गुण तक्त्यात एकच म्हणून नोंदला जातो. प्रत्यक्षात त्या एका गुणाने पहिला चढाईपटू जिवंत होतो, आणि त्याने पुढे मिळवलेले चार गुण त्याच्या एकट्याच्या नावावर चढतात. तक्ता खोटे बोलत नाही, परंतु ऋण कोणाचे हे तो सांगत नाही.

आता दुसरा नियम. सलग दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. न मिळाला तर चढाईपटू बाद. तीस सेकंदांची ही चढाई कोणाला पाठवायची, हा कर्णधारापुढचा खरा प्रश्न असतो. पुष्कळदा प्रमुख चढाईपटूला जपण्यासाठी तिथे दुसऱ्याला पाठवतात. म्हणजे सर्वांत अवघड काम त्याच्याकडे, आणि अपयशाचा आकडाही त्याच्याच नावावर. पहिल्या काही हंगामांत यू मुंबाकडून ही जोखीम रिशांक देवाडिगा उचलत असे. २०१५ साली बंगळुरू बुल्सवर ३६-३० असा विजय मिळवून मुंबाने विजेतेपद पटकावले तेव्हा चर्चा झाली ती कर्णधार अनुप कुमारच्या शांत, मोजक्या खेळाची. ती रास्तच होती. पण अनुपला शांत राहता येत होते, कारण निर्वाणीच्या चढाईला रिशांक होता, शब्बीर बापू होता. मुंबई उपनगराच्या कबड्डीत वाढलेल्या याच रिशांकने पुढे २०१७ साली उत्तर प्रदेशच्या संघाकडून एका सामन्यात २८ गुण मिळवले, जो त्या वेळचा विक्रम होता. आणि जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला त्याच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असे नमवून राष्ट्रीय विजेतेपद परत आणले. 'इत्यादी'मधल्या माणसाच्या अंगी काय होते, हे त्याला मध्यभागी उभे केल्यावर दिसले. नीट पाहणाऱ्याला ते आधीही दिसत होते.

प्रतिपक्षाची फळी न वाचण्याची किंमत मुंबईने २०१९च्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला मोजली. उपांत्य सामन्यात समोर बंगाल वॉरियर्स होते, आणि त्यांचा कर्णधार व प्रमुख चढाईपटू मणिंदर सिंग दुखापतीमुळे खेळणार नव्हता. मणिंदर नाही, म्हणजे बंगाल नाही, हे समीकरण तक्त्यावरून अगदी बिनचूक निघत होते. सामना बंगालने ३७-३५ असा जिंकला. सुकेश हेगडे, प्रपंजन आणि इराणचा मोहम्मद नबीबख्श या तिघांनी चढायांचा भार वाटून घेतला. तीन दिवसांनी अंतिम सामन्यातही मणिंदर नव्हता. समोर दबंग दिल्लीचा नवीन कुमार होता; त्याने एकट्याने १८ गुण मिळवले आणि तरीही दिल्ली ३४-३९ अशी हरली. दिल्लीने त्यातून धडा घेतला असावा. २०२२च्या फेब्रुवारीत पाटण्याविरुद्ध ३७-३६ असा अंतिम सामना त्यांनी जिंकला तेव्हा नवीनचे १३ गुण होते, विजय मलिकचे १४.

आणि पुणे? १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत, वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये झालेल्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटण जयपूरकडून २९-३३ असे हरले, तेव्हा उपनगरांत काहींनी पेढे वाटल्याचा आनंद मानला. त्या दिवशी अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे पुण्याचे दोन्ही प्रमुख चढाईपटू दुखापतींमुळे बाहेर होते. त्यांच्याविना पुण्याने उपांत्य सामना जिंकला होता आणि अंतिम सामना केवळ चार गुणांनी गमावला होता. प्रतिपक्षाने त्या पराभवातून जे वाचायला हवे होते ते हे : पंकज मोहिते आणि आकाश शिंदे या मंडळींना मोठ्या सामन्याचा भार सोसतो. ते वाचले गेले नाही. १ मार्च २०२४ रोजी त्याच पुण्याने हरियाणाला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळवले, आणि त्या सामन्यात पुण्याचे सर्वाधिक गुण पंकज मोहितेचे होते. त्या हंगामात चढाईच्या गुणांत अव्वल ठरला तो दिल्लीचा आशू मलिक. पुण्याचा एकही चढाईपटू त्याच्या जवळपास नव्हता. साखळीत अव्वल मात्र पुणे होते.

यावर ठरलेला आक्षेप असा की ही खोली पैशाने विकत मिळते. मिळते काय? त्याच हंगामाच्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम मोजली, जी तोवरची सर्वाधिक बोली होती. पवन आपल्या लौकिकाला साजेसा खेळला, आणि टायटन्स गुणतक्त्यात तळाशी राहिले. पुण्यानेही मोहम्मदरझा शाडलूवर २ कोटी ३५ लाख खर्च केले, हे खरे. पण ती खरेदी मुख्यतः बचावाची होती. चढाईची फळी त्यांनी तरुण मुलांना हंगामामागून हंगाम मॅटवर उतरवून घडवली होती. पैशाने पहिला चढाईपटू घेता येतो. दुसऱ्याला वेळ द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, म्हणून त्याला बगल देणार नाही. २०२४च्या अखेरीस संपलेल्या हंगामात अस्लम जायबंदी झाला आणि गतविजेते पुणे बाद फेरीतही पोहोचले नाहीत. मग कुठे गेली खोली? आणि त्याच हंगामात पाटण्याच्या देवांक दलालने चढाईत तीनशे गुणांचा टप्पा ओलांडला, जोडीला अयान लोहचबसारखा भरवशाचा दुसरा चढाईपटू होता; तरीही अंतिम सामन्यात हरियाणाने त्यांना २३-३२ असे रोखले. म्हणजे दुसरा असूनही उपयोग नाही? या उदाहरणांनी आमचे म्हणणे खोडले जात नाही, उलट पक्के होते. खोली ही एकदा कमावून कपाटात ठेवण्याची मिळकत असती तर मोजणारेच बरोबर ठरले असते. ती दर हंगामात, दर प्रतिस्पर्ध्यासमोर नव्याने सिद्ध व्हावी लागते. दोन चढाईपटू एकाच बाजूने आत शिरणारे असतील तर समोरच्या एकाच कोपरारक्षकाला ते दोघेही सापडतात; नावे दोन, चढाई एकच. एक बोनस घेणारा, एक हाताने टिपणारा, एक खोलवर शिरून गर्दीतून निसटणारा, अशी विविधता असेल तरच तिघे मिळून तीन होतात. हे सारे डोळ्यांनी पाहावे लागते आणि शब्दांत मांडावे लागते. तक्ता या कामात मदत करील. ते काम तो करणार नाही.

या आकडेमोडीचा सर्वांत मोठा तोटा मात्र घरचाच आहे. २०१९च्या त्या उपांत्य सामन्याच्या मुंबा संघात अर्जुन देशवाल नावाचा तरुण चढाईपटू होता. बंगालकडे मणिंदरनंतर कोण, याची चर्चा करणाऱ्यांना आपल्याकडे अभिषेक सिंगनंतर कोण, हे तपशिलाने सांगता आले नसते. अर्जुन 'इत्यादी'त होता. पुढे तो जयपूरला गेला आणि पहिल्याच हंगामात चढाईच्या गुणांचे द्विशतक ओलांडून बसला. २०२२ साली जयपूर विजेते ठरले तेव्हा त्या हंगामाचा सर्वोत्तम चढाईपटू तोच होता. त्याला सोडण्याचा निर्णय संघव्यवस्थापनाचा, चाहत्यांचा नव्हे. पण तो जाताना उपनगरांत फारशी हळहळ उमटली नाही, हे चाहत्यांच्या वाचनाचे अपयश आहे.

आमच्या व्यवसायबंधूंना हे सारे परके वाटू नये. मराठी समीक्षेत 'इत्यादी' या शब्दाने जेवढ्या माणसांना बाकावर बसवले आहे तेवढ्यांना कोणत्याही प्रशिक्षकाने बसवले नसेल. नवकविता म्हटली की मर्ढेकर, पु. शि. रेगे, शरच्चंद्र मुक्तिबोध यांची नावे स्वल्पविरामांच्या मधे येतात आणि प्रश्नपत्रिकेत पाच गुणांची टीप होतात. याउलट दशकाची श्रीमंती सिद्ध करायची झाली की पंचवीस नावांची यादी देऊन आपण मोकळे होतो. एकनायकी आणि यादी, हे दोन्ही न वाचण्याचेच प्रकार. एखाद्या काळाची खोली त्यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या कवीने पहिल्याला काय शक्य करून दिले यावर ठरते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवत नाही. मग कबड्डीच्या वादात त्यांनी तक्ते फडकावले तर नवल कसले?

मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला १९९० साली. त्याच्या नावातच 'उप' आहे. शहराच्या मागे उभी असलेली, शहर दमले की धावून जाणारी ही वस्ती. दुसऱ्या फळीचे मोल तिला तरी वेगळे समजावून सांगावे लागू नये. तेव्हा पुढच्या हंगामात 'पुण्याकडे दुसरा कोण?' हा प्रश्न अवश्य विचारावा, आणि मोठ्याने विचारावा. मात्र उत्तरादाखल कोणी आकडा पुढे केला तर त्याला पुढचा प्रश्न विचारावा : तो बाद होऊन परत आला, तेव्हा त्याला उठवले कोणी?