चाळिशीनंतरची फुंकर

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या पुतण्याचं लग्न झालं. वरातीच्या बँडमध्ये एक वयस्कर गृहस्थ गळ्यात पट्टा अडकवून एक वळणदार पितळी वाद्य वाजवत होते. एवढ्या गोंगाटातही त्याचा आवाज वेगळा कळत होता. कुणीतरी गळा भरून बोलावं ना, तसा! आमची सातवीतली लेक माझा पदर ओढत म्हणाली, "आई, मला हे शिकायचंय."

मी पटकन म्हटलं, "वेडी का काय! मुलींनी गाल फुगवून फुंकायचं ते?"

ती गप्प झाली. घरी आल्यावरही गप्पच. वर्गात मुलींना "प्रश्न विचारा गं" म्हणणारी मी, आणि स्वतःच्या मुलीला एका वाक्यात गप्प केलं! चैन पडेना, म्हणून मग या सॅक्सोफोनची माहिती मिळवली. ती तुम्हांलाही सांगते.

हे वाद्य बनवलं अ‍ॅडॉल्फ सॅक्स यानं. जन्म बेल्जियममधल्या दिनाँ गावी, 1814 सालचा. वडील वाद्यं बनवणारे. पोरगं लहानपणी जिन्यावरून पडलं, टाचणी गिळली, भाजलं, नदीत बुडता बुडता वाचलं. शेजारी त्याला 'छोटं भूत' म्हणत, असं सांगतात. त्याच्या आईचं काय झालं असेल हो! पुढे पॅरिसला जाऊन 1846 मध्ये त्यानं सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. लष्करी बँडांत तो वाजू लागला. पण इतर वाद्यकारांनी कोर्टकचेऱ्या करून सॅक्सला जेरीस आणलं. तीनदा दिवाळं निघालं, आणि 1894 मध्ये तो गरिबीतच गेला.

गंमत अशी, की अंग पितळेचं असूनही सॅक्सोफोन पितळी वाद्यांत मोडत नाही. त्याच्या तोंडाशी बोरूसारख्या गवताची एक पातळ पट्टी असते. ती फुंकेनं थरथरते आणि सूर निघतो. आपल्या सनईलाही पत्ती असते, फक्त ती दुहेरी. ओठ जरा सैल-घट्ट केले, श्वास कमी-जास्त केला, की सूर कुजबुजतो, हुंदका देतो, खदखदून हसतोसुद्धा. म्हणून तर 'आराधना'तल्या (1969) 'रूप तेरा मस्ताना'मधला मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन विसरता येत नाही. कद्री गोपालनाथांनी तर त्यावर कर्नाटक संगीतातल्या गमका काढून दाखवल्या.

पण मला खरी भेटली ती एलिस हॉल. बॉस्टनची ही बाई. आजारपणानं तिला कमी ऐकू येऊ लागलं. नवरा डॉक्टर, त्यानंच फुंकून वाजवायचं वाद्य शिकायला सुचवलं, असं म्हणतात. चाळिशी उलटल्यावर तिनं सॅक्सोफोन हाती घेतला. नवरा वारल्यावरही सोडला नाही. या वाद्यासाठी रचनाच फार नव्हत्या, तर तिनं पदरचे पैसे देऊन मोठमोठ्या संगीतकारांकडून त्या लिहून घेतल्या. द्यबुसीनं पैसे घेतले, वर बाईची थट्टा केली आणि काम रखडवलं. ती रचना लोकांसमोर आली 1919 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. तीही दुसऱ्याच्याच हातून! पण एलिसबाई थांबल्या होत्या थोड्याच? 1904 मध्ये त्या पॅरिसच्या मंचावर वाजवून आल्या होत्या.

हे वाचल्यावर लेकीला घेऊन मी त्या बँडवाल्या काकांकडे गेले. ते हसून म्हणाले, "ताई, यात गाल फुगवायचेच नसतात. वारा पोटातून यायला हवा." मोठं वाद्य लगेच विकत घेऊ नका, आधी माझ्याकडच्या जुन्या 'आल्टो'वर महिनाभर बघू द्या, असंही त्यांनी सांगितलं. लेकीनं फुंकलं. आवाज निघाला तो थेट रेडकू ओरडल्यासारखा! आम्ही पोट धरधरून हसलो.

मग काकांनी पट्टी बदलली, वाद्य पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. "तुम्ही बघता?"

मी "छे, माझं काय आता वय आहे?" म्हणणार होते. पण एलिसबाई आठवल्या. पहिल्या दोन फुंका वाया गेल्या. तिसरीला एक लांब, थरथरता सूर निघाला. आता दर रविवारी आम्ही दोघी जातो.

तुमच्या घरी कुणी असं काही वेगळंच मागितलं, तर लगेच 'नाही' म्हणू नका. आणि मागणारी तुम्हीच असाल, तर स्वतःलाही!