सुतळी, लिंब आणि चुन्याची रेघ

मुलांनो, परवा सातवीच्या वर्गात वर्तुळाचा परीघ शिकवायला घेतला आणि भलतंच भांडण लागलं!

त्याचं असं झालं. आमच्या शाळेला लागून रानात प्लॉटिंग सुरू आहे. चुन्याच्या पांढऱ्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड. आणि एका रेघेच्या बरोबर वाटेत कडुलिंबाचं जुनं झाड. मी विचारलं, "कायद्यानं झाड कशाला म्हणतात, सांगा पाहू?" सगळे हसले. झाडाला झाडच म्हणायचं की! पण शहरांसाठी १९७५ सालचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, तो नगरपालिकांनाही लागू आहे, आणि त्यात चक्क माप दिलेलं आहे. जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर खोडाचा व्यास निदान ५ सेंटिमीटर आणि उंची निदान १ मीटर. आता ५ ला २२/७ नं गुणा. परीघ आला पावणेसोळाच्या आसपास. म्हणजे सुतळी गुंडाळली आणि ती सोळा सेंटिमीटर भरली, की ते झाड तुमच्या स्वतःच्या जागेत असलं तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाही.

विचारायचं वृक्ष प्राधिकरणाला. अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, शिवाय खुद्द झाडावर नोटीस लावावी लागते. ती वाचून लोकांना हरकत घेता येते. २०२१ मध्ये कायद्यात भर पडली. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरलं. आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावून सात वर्षं जपायची.

"मग बरंच की सर! एकाच्या बदल्यात साठ!" एक जण म्हणाला.

"अन् साठ रोपांना मे महिन्यात पाणी कोण घालणार? प्यायलाच टँकर येतो आपल्याकडं," मागच्या बाकावरून उत्तर आलं.

मग एक मुलगी उठली. "सर, माझ्या आई-बापानं बारा वर्षं ऊस तोडला, तवा एक प्लॉट झाला. त्यात झाड निघालं तर आम्ही घर कुठं बांधावं?"

वर्ग गप्प. खरं सांगतो, मलाही लगेच उत्तर सुचलं नाही.

रात्री विचार करताना लक्षात आलं, की चूक तिच्या आई-बापाची नाही, झाडाचीही नाही. रेघ आधी मारली, झाड नंतर पाहिलं! साधारण एकराच्या पुढच्या ले-आउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती लिंबाखाली सोडली असती तर? नकाशा मंजूर होण्याआधी हे सहज जमतं. प्लॉट विकले गेल्यावर मात्र भांडणच उरतं.

भांडणं मोठ्या शहरांतही होतात बरं. आपल्या बीडजवळ पालवणला २०२० च्या फेब्रुवारीत वृक्षसंमेलन भरलं होतं, आठवतं? तुम्ही तेव्हा लहान होता, आईबाबांना विचारा. अध्यक्ष होतं वडाचं झाड! ते भरवण्यात पुढाकार घेणारे अभिनेते सयाजी शिंदे नोव्हेंबर २०२५ मध्ये नाशिकच्या तपोवनात गेले. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तिथली सतराशेहून जास्त झाडं हटवायची नोटीस महापालिकेनं काढली होती. लोकांनी शेकड्यांनी हरकती लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सुतळी घेऊन आम्ही रानात गेलो. तीन मुलांनी हात धरले तेव्हा कुठं लिंबाला वेढा बसला. खोडावर नोटीस नव्हती. मग झाडाखालीच बसून नगरपालिकेला पत्र लिहायला घेतलं. मजकूर त्या मुलीनंच सांगितला: "आमचा प्लॉट पण राहू द्या आणि लिंब पण. रेघ तेवढी सरकवा."