चाळीस टक्के कोणाच्या सोयीचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, मिश्र अध्यापनाविषयीचे टिपण प्रसृत केले. अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्यास मुभा असावी, उरलेला वर्गात शिकवावा, असे त्यात सुचविले होते. महासाथ ओसरली, कल्पना राहिली. तिच्याकडे निव्वळ संशयाने पाहण्याची सवय पुरोगामी चळवळीतील अनेकांना जडली आहे. ती सोडली पाहिजे.

कारण या कल्पनेचे एक कूळ समाजवादीच आहे. ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या राजवटीत, जेनी ली या खाणकामगाराच्या कन्येच्या जिद्दीमुळे, १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली. १९७१ मध्ये अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी पूर्वीच्या परीक्षेची अट नव्हती. दूरचित्रवाणीवरील पाठांचाच गाजावाजा अधिक झाला. प्रत्यक्षात विद्यापीठ उभे होते ते टपालाने येणाऱ्या, मुद्दाम लिहिलेल्या पाठांवर, स्वाध्याय तपासून सविस्तर शेरे देणाऱ्या शिक्षकांवर, स्थानिक अभ्यासकेंद्रांवर आणि उन्हाळ्यातील निवासी वर्गांवर. दिवसभर राबणाऱ्या माणसाला एकट्याने काय शिकता येईल आणि कशासाठी दुसऱ्या माणसासमोर बसावेच लागेल, याचा विचार तेथे मुळाशी होता.

आपल्याकडे टक्केवारी आधी ठरली! राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला. शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के होते. त्यानंतर मोबाइल खेडोपाडी पोचले, हे खरे. पण घरात फोन एक आणि तो वडिलांबरोबर शेतावर गेलेला, अशा मुलीने ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकावे केव्हा? पाळीत काम करणाऱ्या तरुणाला तेच व्याख्यान रात्री दोनदा ऐकता आले, तर तो मोठाच लाभ आहे. परंतु मग वर्गातला तास शंकांसाठी, प्रयोगांसाठी, वादविवादासाठी मोकळा ठेवावा लागतो. पडद्यावर ऐकलेलेच पुन्हा वर्गात वाचून दाखविणे म्हणजे मिश्रण नव्हे, पुनरुक्ती होय.

याहून गंभीर प्रश्न अध्यापकांचा आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासाचा. व्याख्यान एकदा मुद्रित झाले की पुढच्या वर्षी तो तास कोणाच्या नावे मांडावयाचा? स्वाध्याय तपासण्यात, मागे पडलेल्या मुलाला फोनवरून समजावण्यात गेलेली संध्याकाळ तास म्हणून गणली जाणार काय? याची उत्तरे आधी लिहून घेतली नाहीत, तर मिश्र अध्यापन म्हणजे रिक्त पदे न भरण्याची सभ्य सबब ठरेल. व्यवस्थापनांना अशा सबबी नकोशा असतात, असा अनुभव नाही.

२०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती आणली आहे आणि तीत अध्यापकांना व विद्यार्थ्यांना प्रतिनिधित्व आहे. ऑनलाइन भागाचा विषय तेथे निघेल तेव्हा किती टक्के, हे ठरविण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी दोन मागण्या इतिवृत्तात नोंदवून घ्याव्यात: रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी संगणकखोली, आणि स्वाध्याय तपासणीची तासिकांत गणना.